बाराशे शब्दांचं मस्टर

मराठी दैनिकांच्या पुरवण्या, साप्ताहिकं आणि वेब पोर्टलं चालवणाऱ्या संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकांचा फोन आला होता. विषय चांगला होता, मला आवडेल असाच. तारीख ठरवून फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "बाराशे शब्दच तर आहेत ताई, असा किती वेळ लागतोय?" या प्रश्नाला कुणी उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. पण वही समोर उघडीच होती, म्हणून आधीच्या एका बाराशे शब्दांच्या मजकुराचा हिशेब सांगून टाकला: सव्वीस तास चाळीस मिनिटं. पलीकडे जरा शांतता, मग हसणं. मीही हसले. काम हातचं घालवायचं नव्हतं.

तो आकडा हसण्यावारी जाऊ नये म्हणून हे पत्र.

आधी थोडी ओळख. अकरा वर्षं मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होते. २०२०च्या टाळेबंदीत पानं कमी झाली आणि पानांबरोबर आम्हीही. तेव्हापासून अंबाजोगाईत राहून जो मागेल त्याच्यासाठी लिहिते. नोकरीत होते तेव्हाही घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान सुटलं की जेवायचं, आणि घास हातात असतानाच शहर आवृत्तीसाठी फोन. पण महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार व्हायचा, त्यामुळे कुठल्या बातमीला किती वेळ गेला हे मोजायची कधी गरज पडली नाही. नोकरी सुटल्यावर मात्र दर महिनाअखेरीला एकच कोडं: महिनाभर दम खाल्ला नाही, मग खात्यात एवढंच कसं?

म्हणून मोजायला लागले. सुरुवात मोबाइलवर केली. टॉगल झालं, क्लॉकिफाय झालं, ही वेळ मोजायची अॅप. काम सुरू करताना बटण दाबायचं, संपल्यावर पुन्हा दाबायचं, इतकं सोपं. एका सरपंचांशी बोलायला बसताना मी बटण दाबलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना मला ते आठवलं. नोंद झाली होती, 'सरपंच मुलाखत, १५ तास २० मिनिटं'. त्यातून हाती लागलेली माहिती चार वाक्यांची होती. मग मोबाइल सोडला आणि विमा एजंटानं दिवाळीला दिलेली एक डायरी काढली. पानाच्या डाव्या बाजूला वेळ, उजवीकडे काम, हिशेब पाच-पाच मिनिटांचा. ही तिसरी डायरी चालू आहे.

लिहिणं सोपं आहे, काय लिहायचं हे ठरवणं अवघड. एसटीत खिडकीशी बसून पेपर वाचला तर ते काम की विरंगुळा? भाकरी थापताना लेखाची सुरुवात सुचली तर? तलाठ्याबरोबर चहा घेतला, काही विशेष बोलणं झालं नाही, पण तीन महिन्यांनी त्याच तलाठ्यानं आपणहून फोन करून एक गोष्ट सांगितली, तर तो चहा कुठल्या खात्यात टाकायचा? पहिले दोन महिने मी रोज वेगळं काहीतरी ठरवत होते. शेवटी स्वतःपुरते नियम केले. हा मजकूर नसता तर जो वेळ मी दुसऱ्या कामाला दिला असता, तो लिहायचा. प्रवास सगळा धरायचा. साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसलेला वेळ धरायचा. भाकरी थापताना सुचलेलं धरायचं नाही, कारण भाकरी तशीही थापायचीच होती. तलाठ्याचा चहा एका वेगळ्या रकान्यात जातो. त्या रकान्याला मी 'पेरणी' नाव दिलंय आणि त्याचे पैसे कुणाकडे मागायचे हे मला अजून सुचलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल या पत्रात काही म्हणत नाही.

आता ते सव्वीस तास चाळीस मिनिटं.

२०२५चा जानेवारी. विषय रोजगार हमीतल्या सिंचन विहिरींचा. शेजारच्या तालुक्यातलं बालाघाटच्या डोंगरातलं एक गाव. तिथल्या विहिरींचे कुशलचे, म्हणजे साहित्य आणि कारागिरांच्या वाट्याचे, पैसे अडकलेले, लाभार्थ्यांनी व्याजानं पैसे काढून खोदकाम पुरं केलेलं, आणि काही मजुरांची मस्टरं, म्हणजे हजेरीपट, झिरो होऊन मजुरी बुडालेली. जानेवारीत आमच्याकडच्या डोंगरी गावात माणूस भेटणं हेच मुळात कठीण. निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं असतं. म्हणजे विहीर इथं आणि विहिरीचा मालक कराडकडच्या फडात. आधीच्या फोनाफोनीला दोन तास दहा मिनिटं गेली, कारण फडातला माणूस रात्री गाडी भरून झाल्यावरच फोन उचलतो. गावाच्या दोन फेऱ्या झाल्या, प्रवास साडेसात तास. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेवढी बचत. पुढं काळीपिवळी, आणि शेवटचा चढ रोजगार सेवकाच्या मोटारसायकलवर. गावात बोलणं आणि विहिरी बघणं पावणेसहा तास. पंचायत समितीत तीन तास वीस मिनिटं, त्यापैकी साहेब प्रत्यक्ष समोर होते अंदाजे पंधरा मिनिटं, आणि त्यातही त्यांना दोन फोन आले. योजनेच्या संकेतस्थळावर मस्टर आणि निधी हस्तांतरणाच्या नोंदी एकेक करून पडताळणं दोन तास पस्तीस मिनिटं. टेप उतरवून काढणं दोन तास. लिहिणं दोन तास पस्तीस मिनिटं. तुमच्या डेस्कच्या शंका, फोटोओळी आणि ऐन वेळी केलेली दीडशे शब्दांची छाटणी मिळून पाऊण तास.

बेरीज करून बघा, तेवढीच येते.

मानधन ठरलं होतं १,५०० रुपये. तिकिटं, काळीपिवळी, झेरॉक्स आणि रोजगार सेवकाच्या पेट्रोलचे शंभर धरून पदरचे ४१२ गेले. उरले १,०८८. तासाला पडतात सुमारे ४१ रुपये, आठ तासांचे ३२६. तेव्हा महाराष्ट्रात मनरेगाची, म्हणजे याच रोजगार हमीची, मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे ज्यांच्या थकलेल्या मजुरीबद्दल मी लिहीत होते, त्यांच्यापेक्षा मी २९ रुपयांनी वर होते. हाती आले ते दहा टक्के टीडीएस कापून, आणि तसं धरलं तर आठ तासांचे २८१ होतात, म्हणजे मी खाली जाते. पण टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, उगाच रडारड नको.

पैसे जमा झाले ९७व्या दिवशी. मनरेगाच्या कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत द्यायची होती, आणि सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. गावात ही भरपाई मिळालेला माणूस मला भेटला नाही. तरी कायद्यात ती होती, म्हणून मी गंमत म्हणून माझी काढून पाहिली. दीड हजारावर दिवसाला पाऊण रुपया, ८२ दिवसांचे साडेएकसष्ट रुपये. त्यात झेरॉक्सचे पैसे निघाले असते.

त्या गावात एका विहिरीवर एक मावशी होत्या. घरातली बाकीची सगळी ऊसतोडीला, त्या नातवंडं आणि दोन शेळ्या घेऊन मागे राहिलेल्या. त्या विहिरीवर त्यांनी माती ओढली होती. मी काठावर बसून वहीत वेळ टाकत होते ते बघून त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं काम रोजानं हाय का मापानं?"

मी म्हटलं, "मापानं, मावशी. शब्द मोजतात."

"मंग माप घ्यायला कोण येतंय?"

"येत नाही कुणी. मुंबई-पुण्यातूनच मोजतात."

त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं. वरची हातभर काळी माती, खाली मुरुम, त्याच्या खाली सुरुंगानं फोडलेला दगड. "तितून त्यांना मुरुम कसा दिसंल?" एवढं म्हणून त्या शेळ्या हाकायला उठल्या.

गेलं वर्षभर मी या प्रश्नाशी अडून बसले आहे. ज्यांनी रोजगार हमी योजनेचं, म्हणजे रोहयोचं, काम जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिथं खोदलेल्या कामाचं माप घेतात, पण सगळ्या घनमीटरांना एक दर नसतो. दरपत्रकात माती वेगळी, मऊ मुरुम वेगळा, कठीण मुरुम वेगळा, खडक वेगळा. शिवाय लीड आणि लिफ्ट: खोदलेला माल किती लांब नेऊन टाकला आणि किती उंच चढवला, त्याचे वेगळे. शाखा अभियंता टेप घेऊन येतो, एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, लिहितो. त्या मापात गडबडी होतात, मुरुम मऊ लिहिला म्हणून भांडणं होतात, मस्टरं झिरो होतात, सगळं खरं. पण टणक जमिनीत माणसाला वेळ जास्त लागतो ही गोष्ट कागदावर मान्य आहे. अडाणी म्हणून ज्यांना आपण बातमीत दाखवतो, त्यांच्या कामाच्या दरपत्रकात इतका विचार केलेला आहे.

तुमच्या दरपत्रकात शब्द तेवढे आहेत. काही ठिकाणी कॉलम सेंटीमीटर. जमीन कुठली ते कुणी विचारत नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात काय झालं ते सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते लक्षात येईल. एका धरणाखाली गेलेल्या चार गावांच्या पुनर्वसनाची कागदपत्रं माझ्या हाती आली. माणसं बोलायला तयार होती. वहीत अंदाज मांडला: तीन दौरे, माहिती अधिकाराचे दोन अर्ज, त्यांच्या उत्तरांसाठी किमान तीस दिवसांची वाट, आणि अर्जावर दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवून घेतील की पोस्टानं पाठवायला सांगतील इथपासूनच्या खेपा. साठ तास. फाइल परत कपाटात ठेवली. त्याच आठवड्यात तुमच्यापैकी दुसऱ्या एकांना 'मोबाइल आणि मुलं' या विषयावर सातशे शब्द हवे होते. दुपारी चहा पीत पीत लिहिले, एका ओळखीच्या शिक्षिकेला फोन केला, दोन तास दहा मिनिटांत पाठवून मोकळी झाले. हजार रुपये, तासाला सुमारे ४६२. लेख बरा होता. असा लेख त्याच महिन्यात आणखी चार ठिकाणी आला असेल.

विहिरीला ४१ आणि मोबाइलला ४६२. हा फरक तुम्ही ठरवून केलेला नाही हे मला माहीत आहे. तुम्ही मोजलंच नाही, त्यामुळे तो आपोआप झाला. पण त्याचा परिणाम तुमच्या पानावर रोज दिसतो. मी डायरी चाळून पाहिली. नोकरी सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी फिरून केलेले मजकूर अकरा होते आणि घरबसल्या लिहिलेले पाच. गेल्या वर्षी फिरून चार आणि घरबसल्या तेरा. मी काही आळशी झालेली नाही, पायही शाबूत आहेत. वीजबिल भरायचं असलं की हात आपसूक मऊ मातीकडे जातो. मग तुम्ही बैठकीत म्हणता, ग्रामीण भागातून चांगलं लेखन येत नाही, सगळे मतंच पाठवतात.

तुमची बाजू मला ठाऊक आहे, अकरा वर्षं पलीकडच्या खुर्चीत काढली आहेत. पुरवणीचं बजेट वरून येतं आणि ते वर्षानुवर्षं तिथंच असतं. जाहिरात आली की पान जातं. पोर्टलवाल्यांना तर कुठली बातमी किती सेकंद वाचली गेली याचा आकडा रोज सकाळी मालकांना द्यावा लागतो. (वाचकाचा वेळ सेकंदात मोजणारी यंत्रणा तुमच्याकडे आहे, हे जाता जाता नोंदवते.) त्यामुळे उद्यापासून तिप्पट पैसे द्या असं मी म्हणत नाही.

तासावर पैसे द्या असंही म्हणत नाही. कारण वहीनं माझीही झाडाझडती घेतली आहे. 'माहिती शोधणं' असं ज्याला मी पहिल्या वर्षी ऐटीत म्हणत होते, त्यातला मोठा भाग मोबाइलवर भटकण्याचा होता. मुद्दा एक शोधायला जायचं आणि अर्ध्या तासानं कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत बसलेलं सापडायचं. एका लेखाची पहिली ओळ मी सात वेळा लिहिली होती आणि छापून आली ती डेस्कनं बदललेली. हे तास तुम्ही का द्यावेत? टंगळमंगळ करणाऱ्याला जास्त आणि झपाट्यानं उरकणाऱ्याला कमी, असा न्याय मलाही मान्य नाही. ते तास मी माझ्या खात्यात टाकले आणि बरेचसे कमी केले. टेप उतरवण्याचा वेळ निम्म्यावर आणला. वहीचा हा फायदा मान्य करायलाच हवा.

आता कायद्याचं, थोडक्यात. श्रमिक पत्रकारांचा १९५५चा कायदा म्हणायचा, सलग चार आठवड्यांत पत्रकाराकडून १४४ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, जेवणाची सुटी सोडून. सात दिवसांतून एकदा सलग चोवीस तास विश्रांती द्यायची. माझे गेल्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमधले चार आठवडे वहीत १८८ तासांचे भरले, त्यात प्रत्यक्ष लिहिणं ३९ तास. सलग चोवीस तासांची विश्रांती एकदाही नाही. पण मी कुणाकडे जाणार? कायद्यातला पत्रकार हा 'नोकरीस असलेला' पत्रकार होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तो जुना कायदा त्यांच्यात सामावला, डिजिटल माध्यमातले पत्रकारही व्याख्येत आले. नोकरीची अट तशीच राहिली. मला तासांची मर्यादा घालणारं कुणी असेल तर ती मीच, आणि मालक म्हणून माझ्याइतकी वाईट मालकीण मी पाहिलेली नाही.

दुसरा रस्ता सूक्ष्म उद्योगाचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचे, असा २००६चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. वाचून मला स्फुरण चढलं आणि मी उद्यम नोंदणी करायला बसले. तिथं व्यवसायाचा कोड निवडावा लागतो. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात मी सापडले विभाग ९० मध्ये, 'सर्जनशील, कला आणि मनोरंजन', शिल्पकार आणि व्यंगचित्रकारांच्या शेजारी. विहिरीची बातमी मनोरंजनात धरली जाते हे तेव्हा कळलं. प्रमाणपत्र आलं, छापून भिंतीला लावलंय. त्याच्या जोरावर मी तुमच्यापैकी कुणावर दावा लावणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. दावा लावला तर पुढचा फोन कोण करेल?

पंधराचा हा आकडा मला एका जुन्या यादीतही भेटला. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही मागण्या मांडल्या. रविवारची सुटी हवी. दुपारी अर्ध्या तासाची सुटी हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. आणि झालेल्या महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी. रविवारची सुटी १८९०च्या १० जूनला पदरात पडली, ती आपल्याला शाळेपासून माहीत असते. १५ तारखेची मागणी सहसा कुणी सांगत नाही. आणि लोखंडे त्या वेळी काय होते? 'दीनबंधु'चे संपादक. सगळ्या हिंदुस्थानातल्या कामगाराला घड्याळ बघायला शिकवलं ते आपल्याच धंद्यातल्या एका मराठी माणसानं, तेही संपादकाच्या खुर्चीतून. त्यांच्या यादीतली ती चौथी मागणी तुमच्या लेखा विभागाच्या दारात एकशेचाळीस वर्षं उभी आहे.

मग मला काय हवंय? पहिली गोष्ट फुकटची आहे. काम सांगताना 'किती शब्द' याच्याआधी 'किती फिरावं लागेल' हे विचारा. विचारून पैसे वाढवलेच पाहिजेत असं नाही. पण एकदा विचारलंत की मीही म्हणू शकेन, दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत बसवू का, पंचायत समितीची बाजू फोनवर घेऊ का, की मजकूर लहान करू. आज हा निर्णय मी एकटी एसटी स्टँडवर उभी राहून घेते, आणि तो कशाला कात्री लावून घेतला हे तुम्हाला कधी कळत नाही. विहिरीच्या वेळी तिसरी फेरी करायला हवी होती. दोन लाभार्थी भेटायचे राहिले. तुम्हाला ते माहीत नाही, वाचकालाही नाही.

दर दोन तरी करा. घरबसल्याचा एक आणि जागेवर जाऊन केलेल्याचा एक. रोहयोइतके चार प्रकार नकोत, माती आणि मुरुम एवढं पुरे. बजेट वाढत नसेल तर घरबसल्याचा दर थोडा कमी करून तो तिकडे टाका. हे मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगते आहे, कारण सध्या माझं पोट मोबाइल आणि मुलांवर चाललंय. प्रवासखर्च मानधनात धरू नका, तिकिटांचे फोटो पाठवते, त्यावर द्या. रक्कम आधी सांगा, व्हॉट्सअॅपवर एका ओळीत. "बघू, देऊ काहीतरी, तुम्ही आपल्याच आहात" ही ओळ गेल्या तीन वर्षांत मी नऊ वेळा वहीत उतरवून ठेवली आहे, आणि आपलेपणाचा तो भाव नेहमी ठरलेल्या दरापेक्षा खाली निघाला.

मजकूर तुम्ही मागितला, आला, आणि जाहिरातीनं पान खाल्लं, तर निम्मे पैसे द्या. छापून आल्यावर पैसे, ही अट लेखकाला समजू शकते असं मला पूर्वी वाटायचं. पण विहिरीवर माती ओढलेल्या बाईला, विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून मजुरी नाही, असं कुणी म्हटलं तर तुम्हीच पहिल्या पानावर बातमी कराल. आणि तारीख एक ठरवा. १५ म्हणा, ३० म्हणा, पण तीच. उशीर झाला तर मला फोन करायला लावू नका. पैशांसाठी केलेल्या फोनांचा रकाना माझ्या डायरीत वेगळा आहे, विहिरीच्या लेखामागे ते सहा फोन आणि दोन मेल होते, एकूण पन्नास मिनिटं. वरच्या सव्वीस तासांत ती धरलेली नाहीत.

एप्रिलमध्ये, पैसे येण्याच्या दोन-चार दिवस आधी, त्या मावशींचा फोन आला होता. बातमी आल्यावर तालुक्यातून माणूस येऊन गेला, एक मस्टर निघालं, त्यांच्या खात्यावर बाराशे का तेराशे रुपये पडले. ते सांगायला फोन. मग म्हणाल्या, "तुमचं निघालं का?" मी म्हटलं, निघेल. "दम धरा," म्हणाल्या.

कपाटातली धरणाची फाइल अजून तिथंच आहे. तुमच्यापैकी कुणाला हवी असेल तर कळवा. चार गावं, तीन दौरे, माहिती अधिकाराचे दोन अर्ज, साठ तास. दगड लागण्याची शक्यता आहे. शब्द किती होतील ते आत्ताच सांगता येणार नाही.

आपली,
एक मुक्त पत्रकार
अंबाजोगाई